कोपऱ्याचं रक्षाविसर्जन

समजा, तुमच्या हातात फावडं दिलंय. समोर एक कोपरा आहे आणि त्या कोपऱ्यात साऱ्या गल्लीने आणून टाकलेला कचरा. शिळा भात, भाजीची देठं, लहान पोरांचे डायपर, कोंबडीची पिसं, कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलेला केक. पावसाने सगळं एकमेकांत मुरवलंय. फावडं आत घातलं की खालून गरम वाफ येते. तोंडाला रुमाल बांधलाय, तरी वास घशात उतरतो. यातलं काहीही तुमच्या घरातलं नाही. तरी तुम्ही उचलताय. तेवढ्यात मागून मोटारसायकल येते, चालत्या गाडीवरून एक पिशवी बरोबर तुमच्या पायाशी पडते आणि गाडीवाला म्हणतो, "ताई, उचलताच हाय तर तेवढी ही बी घ्या!"

काय कराल?

अंजनाने फावडं फेकून मारलं. ते लागलं नाही, याचं तिला आजही वाईट वाटतं.

अंजना पलूसकडची. सासर-माहेर दोन्ही उसाच्या रानातलं. नवरा उदयसिंह फौजेत हवालदार. वर्षातले दहा महिने कुठल्या तरी डोंगरावर, जिथे फोन लागला तर लागला. मुलगी राजेश्वरी पाचवीत जायची झाली तेव्हा अंजनाने सांगलीत भाड्याने दोन खोल्या घेतल्या. पोरीची शाळा, हे सगळ्यांना सांगायचं कारण. खरं कारण तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तिला सांगली आवडायची.

आवडायची म्हणजे कशी, हे तिला नीट सांगता यायचं नाही. गावात मीठ आणायला निघालं तरी तीन ओट्यांवरून विचारणा व्हायची, "कुठं निघालीस गं?" सांगलीत तिला कुणी विचारत नव्हतं. ती स्कूटी शिकली. दारावर पिको-फॉलची पाटी लावली. पहिल्यांदा शिलाई मशीन घ्यायला गेली तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, बिलावर नाव काय टाकू?" गावात ती नानासोंची सून होती, फौजीची बायको होती, राजूची आई होती. "अंजना," ती म्हणाली, आणि तो बिलाचा कागद तिने उगाचच दोनदा वाचला. संध्याकाळी पोरीला मागे बसवून ती आयर्विन पुलावर जायची, कठड्याला टेकून भडंग खायची, खालून कृष्णा वाहायची. मार्केट यार्डाकडून वारा आला की हळदीचा वास यायचा. रविवारी नाट्यगृहात सगळ्यात मागची खुर्ची धरून ती एकटी नाटक बघायची, आणि मध्यंतरात स्वतःसाठी वडा घ्यायची. स्वतःसाठी!

आणि याच शहरावर तिचा भयंकर राग होता.

कारण तिच्या दारातून बाहेर पडलं की समोर तो कोपरा. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे एका बंद घराची भिंत आहे. भिंतीवर महापुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. त्या रेघेखाली लोक कचरा टाकायचे. घंटागाडी रोज यायची हो! गाणं वाजवत यायची, थांबायची, हॉर्न द्यायची. पण तेव्हा कुणी अंघोळीत, कुणी पूजेत, कुणी फोनवर. मग कामावर जाताना पिशवी गाडीच्या हँडलला अडकवायची आणि कोपऱ्यावर वेग न कमी करता सोडून द्यायची. यात काहीजण इतके तयार झाले होते की बघत राहावं. एक निवृत्त मास्तर तर डाव्या हाताने टाकायचे, उजव्या हाताने समोरच्याला नमस्कार करायचे.

अंजनाने सगळं करून बघितलं. भिंतीला देवांच्या फरश्या लावल्या, तर लोक देवाला नमस्कार करून दोन हात बाजूला टाकायला लागले. 'तुम्ही कॅमेऱ्यात दिसत आहात' अशी पाटी लावली, तर पाटीच चोरीला गेली. भांडून बघितलं.

"तुमचं घर हाय का ह्ये? भाड्यानं ऱ्हाताय न्हवं?" एकजण म्हणाला.

"मग? नाक बी भाड्याचं हाय व्हय माझं?"

समोर राहणाऱ्या कस्तुरीवहिनी तेवढ्या तिच्या बाजूच्या. त्यांच्या घरी हळदीचा जुना व्यापार. रात्री जेवत नाहीत, मुंगीवर पाय पडला तरी जीव हळहळतो; पण त्या कोपऱ्यावरून बोलायला लागल्या की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. "अंजना, ही मानसं न्हाईत गं. घरात फरशीवर तोंड दिसंल एवढी पुसत्यात आणि दार उघडून भायेर वकत्यात."

आता झालं असं की भाद्रपदात राजेश्वरीला डेंग्यू झाला.

पोरगी दवाखान्यात होती तेव्हा अंजना रात्रंदिवस तिच्या उशाशी बसून होती. डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ पाणी साठतं का कुठे?" तिच्या डोळ्यांपुढे कोपऱ्यातले फुटके डबे आले, करवंट्या आल्या, त्यांत साठलेलं पाणी आलं. ती दात आवळून बसली.

राजू बरी होऊन घरी आली, आणि दसऱ्याला गावी गेल्यावर सासऱ्यांनी विषय काढला. नानासो म्हणजे गावातलं वजनदार माणूस. कारखान्याच्या राजकारणात मुरलेले, बोलणं कमी, आणि जे बोलतील ते झालंच पाहिजे.

"पोरगी जाता जाता वाचली," ते म्हणाले. "दिवाळीला उदय येतोय. तवा खोल्या मोकळ्या करायच्या. बास झालं शहर."

"मामा, तिची शाळा हाय," अंजना सासऱ्यांना म्हणाली.

"हितं शाळा न्हाई व्हय? उदय हितंच शिकला की. फौजेत गेला."

"माझं काम हाय तिथं."

"पिको-फॉल?" नानासो हसले. तेवढंच. पण त्या हसण्याने अंजनाच्या कानशिलापर्यंत आग गेली. "त्या उकिरड्यात बसून लोकांच्या साड्या शिवायच्या आणि पोरीला मच्छरापुढं घालायचं, ह्येला काम म्हंत्यात व्हय?"

उकिरडा तर खरा होता. लोकांनी टाकलेल्या घाणीने तिची बाजू लंगडी केली होती. तिचा राग सासऱ्यांवर होता. पण त्याहून जास्त त्या डाव्या हाताने पिशवी टाकणाऱ्या मास्तरांवर होता. तुमच्या एका पिशवीपायी माझं शहर चाललंय, हे त्यांच्या कानात जाऊन ओरडावं असं तिला वाटलं.

सांगलीत परतल्यावर उदयसिंहाचा फोन लागला, तेव्हा आवाज तुटक येत होता. "अंजू, आबा म्हणतात ते चुकीचं न्हाई. मला बी हितं झोप लागत न्हाई. पोरगी..."

"कोपरा साफ झाला तर?"

"काय?"

"तुमी यायच्या आत कोपरा साफ झाला आणि साफ ऱ्हायला, तर आमी सांगलीतच ऱ्हाणार. बोला."

पलीकडे वाऱ्याचा आवाज. मग तो म्हणाला, "झाला तर बघू. मी आबांना सांगीन. पण न्हाई झाला तर गप बॅगा भरायच्या. पक्कं?"

"पक्कं."

फोन ठेवल्यावर तिने फावडं काढलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मोटारसायकल, पिशवी, फेकलेलं फावडं.

फावडं उचलून घरी येताना कोपऱ्याजवळच्या विजेच्या खांबावर तिची नजर गेली. तिथे एक फ्लेक्स लटकत होता. मागच्या गल्लीतले कुणी आजोबा वारले होते. काळी-पांढरी चौकट, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली रक्षाविसर्जनाची वेळ. आपल्या भागात माणूस लग्नाचं आमंत्रण विसरेल, वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे ढुंकून बघणार नाही. पण श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसला की गाडीचा वेग आपोआप कमी होतो. कोण गेलं ते वाचायचं. राख सावडायचं किती वाजता ते बघायचं. ओळख असो वा नसो, माती सावडायला माणूस जातो. ऊसतोड थांबते, दुकानाचं शटर अर्धं खाली येतं.

जिवंत माणसासाठी हे लोक दारात येऊन कचरा देत नाहीत, तिच्या मनात आलं, मेलेल्यासाठी मात्र कामधंदा सोडून येतात.

दुसऱ्या दिवशी ती शंभूराजच्या दुकानात उभी होती. शंभूराज फ्लेक्स बनवायचा. वय तिशीच्या आत, डोळे कायम स्क्रीनवर, बोटं माऊसवर. नेत्यांच्या गालावरचे डाग काढण्यात त्याचा हात कुणी धरत नसे.

"ताई, कोण गेलं?"

"कोपरा."

"आं?"

तिने कागद पुढे केला. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उजळत गेला आणि शेवटच्या ओळीला पुन्हा पडला. "भारी हाय. पन शोकाकुलमध्ये 'रोज पिशवी टाकणारे समस्त गल्लीकर' हे... ताई, ह्यातले निम्मे माझे गिऱ्हाईक हायत."

"म्हणून तर तुझ्याकडं आले. त्यांना तुझंच अक्षर वाचायची सवय हाय."

"फोटो?"

तिने मोबाइल दिला. त्या गल्लीत राहायला आली त्याच आठवड्यातला फोटो. तेव्हा पावसाळ्याआधीची सफाई नुकतीच झालेली, कोपरा चक्क स्वच्छ, भिंतीला टेकवलेली गुलाबी सायकल आणि तिच्याशेजारी दात पडलेली राजेश्वरी.

"पोरीला काढू का, ताई? श्रद्धांजलीत जिवंत मानूस नको."

"काढ, काढ! तिला आधी काढ."

शंभूराजने पोरीच्या कडेने बारीक रेघ फिरवली आणि ती फोटोतून नाहीशी झाली. मागची भिंत त्याने इतकी बेमालूम जोडली की तिथे कुणी उभं होतं असं वाटेना. सायकल तेवढी राहिली. "सायकल ऱ्हाऊ दे," तो म्हणाला, "जागा मोकळी मोकळी दिसती न्हाईतर." अंजनालाही ते पटलं. चूक झाली ती इथे. पण तेव्हा दोघेही हसत होते. "वय काय टाकू कोपऱ्याचं?" त्याने विचारलं, आणि ती पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी.

फक्त फ्लेक्सच्या तळाशी तो स्वतःचं नाव आणि नंबर टाकतो, ते त्याने या वेळी टाकलं नाही.

संध्याकाळी फ्लेक्स लागला. वर मोठ्या अक्षरांत 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये फोटो, फोटोखाली 'आमच्या गल्लीचा कोपरा याचे दुःखद निधन', त्याखाली 'रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता इथेच', आणि अगदी तळाशी बारीक अक्षरांत ते शोकाकुल. कस्तुरीवहिनींनी झेंडूचा हार आणला. "सोंग करायचं तर पुरं करावं," म्हणत त्यांनी तो बांधला. हार मधोमध लोंबला आणि कोपऱ्याचं नाव झाकून गेलं. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तासाभरात फोन सुरू झाले. मास्तरांनी बदनामीचा दावा लावायची धमकी दिली. एक बाई म्हणाली, "आमच्या दारात अशुभ आणलंस, तुझं भलं हुणार न्हाई." अंजना म्हणाली, "डेंग्यू शुभ असतो व्हय?" आणि फोन बंद करून टाकला.

तिच्या गावचा बिराप्पा त्याच संध्याकाळी भाजी उतरवून त्या रस्त्याने परतत होता. गाडी चालवता चालवता त्याला अंजनाच्या घरासमोर श्रद्धांजलीचा फ्लेक्स दिसला. हाराखालचं नाव दिसलं नाही. सायकल दिसली. ती गुलाबी सायकल नानासोंनी नातीसाठी घेतली तेव्हा ती पलुसातून गावापर्यंत बिराप्पाच्याच टेम्पोतून आली होती. पोरगी मागच्याच महिन्यात दवाखान्यात होती, हे साऱ्या गावाला माहीत होतं. त्याने एक फोटो काढला. वेळ तेवढी नीट वाचली.

गावात अशा बातमीची खात्री कुणी फोनवर करत नाही. ज्याचं माणूस गेलं त्याला 'खरंच गेलं का' असं कुठल्या तोंडाने विचारायचं? तरी बिराप्पाने आणलेला फोटो बघून नानासोंनी सुनेला फोन लावला. बंद. मुलाला लावला. लागेना. मग त्यांनी कुणाशी काही न बोलता रात्रभर ओट्यावर बसून काढली.

सकाळी कोपऱ्यावर खरंच माणसं जमली.

काही भांडायला आली होती, काही बघायला. पण ओळख नसलेलेही बरेच होते. पांढरी टोपी घालून, हात बांधून, मान खाली घालून. त्यांना कुणीतरी गेलंय एवढंच कळलं होतं. समोर कचऱ्याचा ढीग, वर हार घातलेला फ्लेक्स, आणि सगळे नाकाला रुमाल लावून गंभीर उभे. एक म्हातारा शेजारच्याला हळूच म्हणाला, "हितंच दहन केलं काय? लय वास हाय."

अंजना पुढे आली. हातात पोती होती, मोजे होते.

"आला त्याबद्दल उपकार. मयत ह्यो कोपरा हाय. मारलाय आपण सगळ्यांनी. ह्या ढिगातल्या मच्छरानं माझी पोर मरता मरता वाचली. आता सावडायला आलाय तर सावडा. ज्यानं जे टाकलंय त्यानं ते उचला. आणि ज्यानं टाकलं न्हाई, त्यानं माझ्यासंगं उचला."

कुणी हललं नाही. मागून कुणीतरी हसलं. एकजण "नाटक लावलंय बाईनं" म्हणत निघून गेला. अंजना वाकली आणि पहिलं फावडं तिने घातलं. मग कस्तुरीवहिनी आल्या. ढीग हलला तसे खालून किडे पळाले, त्या "गेलं गं, जीव गेला" म्हणत हात मागे घ्यायच्या आणि पुन्हा पुढे करायच्या. मग त्या वासाबद्दल विचारणारा म्हातारा. मग दोन पोरी, एक रिक्षावाला. मास्तर गॅलरीतून बघत होते. त्यांची बायको मात्र खाली आली, कुणाकडेही न बघता पोतं धरून उभी राहिली. घंटागाडी आली तेव्हा तोंड बांधलेली पोती रांगेने उभी होती. भिंतीखालची फरशी दिसली. खरंच, तिथे फरशी होती! लोक विसरूनच गेले होते.

अंजना घामाने निथळत होती. हसावं की रडावं हे तिला कळेना, आणि नेमकी तेव्हा जीप आली.

जीप थांबायच्या आधी तिला सासूचा आवाज ऐकू आला. बायका मयताच्या दारात शिरताना जो सूर काढतात तो. मागून आणखी एक गाडी, त्यात भावकी. नानासो उतरले. पायांत चप्पल नव्हती. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते सुनेकडे आले नाहीत. फ्लेक्ससमोर गेले, आणि त्या गुलाबी सायकलीवर त्यांनी हात ठेवला.

"मामा?" अंजना म्हणाली.

तेवढ्यात राजेश्वरी दारात आली, तोंडात ब्रश, गालावर फेस. "आजोबा? आज्जी का रडतीय?"

सासू जागेवरच बसली. पोरीला पोटाशी धरून तिने तिचं तोंड, कान, केस, सगळं चाचपलं. फेस तिच्या लुगड्याला लागला. नानासोंनी हार बाजूला केला. खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. आणि ते वळले तेव्हा अंजना दोन पावलं मागे सरकली.

"रात्र," ते म्हणाले. "रात्रभर मी... ती सायकल... तुला काय वाटतंय का? आं? काय वाटतंय का तुला?"

"मामा, मला काय माहीत..."

"फोन बंद करून बसलीस! कापडं भर. दिवाळी-बिवाळी काय न्हाई. आत्ता. ह्याच जीपमधनं."

या वेळी तिच्याकडे रागच नव्हता. म्हाताऱ्या माणसाची रात्र आपण जाळली, हे तिला दिसत होतं. भावकीसमोर, गल्लीसमोर तिची मान खाली गेली, आणि ती आत जाऊन खरंच बॅग काढायला लागली. पोरीचे कपडे घातले. मशीनवर कुणाची तरी हिरवी साडी अर्धी पिको करून तशीच होती. ती घडी घालून तिने बाजूला ठेवली.

बाहेर कस्तुरीवहिनींनी आलेल्या माणसांना चहा दिला. एवढ्या लांबून रडत आलेली माणसं, उपाशी कशी पाठवायची? टपरीवरून कागदी कप आणले, बिस्किटं आणली. पोरगी जिवंत आहे म्हटल्यावर भावकीचा जीव भांड्यात पडला होता. हसणं-खिदळणं सुरू झालं. बिराप्पाला सगळे टोचत होते. "काय गड्या, चष्मा लाव की! जित्या पोरीला सावडायला आणलंस आमाला." "आरं मी काय करू, हार आडवा आला!"

अंजना बॅग घेऊन दारात आली आणि थबकली.

नुकत्याच मोकळ्या झालेल्या फरशीवर चहाचे कप पडले होते. बिस्किटांचे कागद. कुणीतरी तंबाखूची पिंकही मारली होती, अगदी पुराच्या रेघेखाली. आणि तिच्या डोळ्यांदेखत नानासोंनी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप चुरगळला आणि न बघता त्याच कोपऱ्यात टाकला. वाईट बुद्धीने नव्हे. सवयीने.

तिने बॅग खाली ठेवली.

"मामा, तो कप उचला."

बिराप्पाने स्वतःचा कप पाठीमागे लपवला.

"काय म्हनलीस?"

"सावडून अजून घटका झाली न्हाई. तुमी रात्रभर जागला, त्याची माफी मी जन्मभर मागीन. तुमच्या पायावर डोकं ठेवीन, आत्ता, सगळ्यांच्या म्होरं. पण तो कप उचला." तिचा आवाज चढत गेला. "शहर घाण म्हणता! उकिरडा म्हणता! कुठनं येती घाण? वरनं पडती? आपलीच माणसं, मामा! पलूसची, तासगावची, जतची, हितं यायचं, शिकायचं, कमवायचं, दवाखाना करायचा, आणि जाताना कप टाकायचा. आपलं काय न्हाईच हितं! मग मी इथं ऱ्हाते म्हणलं की मलाच नावं ठेवायची. मला आवडतं ह्ये गाव. शाळेसाठी न्हाई, मला, अंजनाला आवडतं. आज सांगून टाकते."

रागाने नानासोंच्या कपाळाची शीर उडत होती. ते वाकले नाहीत. चाळीस वर्षांत कुणी त्यांना असं बोललं नव्हतं, आणि ते बोलणं सुनेकडून आलं होतं. ते सरळ जीपकडे गेले आणि पुढच्या सीटवर बसले.

सासू उठली. तिने पदर खोचला, एकेक कप गोळा केला, नवऱ्याचाही, आणि पोत्यात घातला. मग सुनेजवळ येऊन म्हणाली, "ती बॅग आत ठिव. मी बी ऱ्हाते दोन दीस. पोरीला सोडून आज माझा पाय निघायचा न्हाई."

जीपमधून नानासो एवढंच म्हणाले, "उदय आल्यावर बघू."

उदयसिंह दिवाळीला आला. आल्या आल्या घरात न शिरता कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला, परेडची पाहणी करावी तसा. फरशी दिसत होती. मास्तरांच्या बायकोने तिथे तुळशीची कुंडी ठेवली होती. त्याने वडिलांना फोन लावला, बराच वेळ ऐकून घेतलं, आणि शेवटी म्हणाला, "न्हाई आबा. बोली झाली व्हती. वर्षभर तरी ऱ्हाऊ द्या." नानासो अजून सुनेशी बोलत नाहीत. गावी गेली की ते ओट्यावरून उठून जातात. मशीन मात्र सुरू आहे, आणि पुलावरचं भडंगही.

पण उदयसिंहाला एक गोष्ट तिने सांगितलेली नाही. तो यायचा होता त्या सकाळी ती दूध आणायला निघाली, तर कोपऱ्यात एक पिशवी होती. एकच. काळी, नीट गाठ मारलेली. नवऱ्याची बस पोहोचायच्या आत तिने ती उचलून घरात आणली, मोरीत उघडली, कुणाची आहे ते कळावं म्हणून. आत पावट्याची सालं होती, फराळाच्या तेलाचे कागद, चकलीचे तुकडे, जळकी पणती. चार घरांत असतं तेच. चकलीच्या तुकड्यांवरून माणूस ओळखता येत नाही.

तेव्हापासून ती गल्लीत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघते. पोतं धरलेल्या हातांपैकी कुणाचा हात होता तो? भांडण तर ती करणारच आहे. फावडं अजून दारामागेच आहे. पण ते उगारण्याआधी त्या माणसाला समोर उभं करून तिला एवढंच विचारायचंय, बाबा रे, जिथे तू पोरंबाळं वाढवतोस, जिथे दिवाळीची पणती लावतोस, ते हे शहर तुला जरासुद्धा आवडत नाही का?